खिशांतलें पिस्तूल

1901 सालच्या सप्टेंबर महिन्याची 6 तारीख. अमेरिकेंतील बफेलो शहरीं एक मोठें प्रदर्शन भरलें होतें आणि तेथील संगीतमंदिरांत राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली हे लोकांस भेटत होते. भेट म्हणजे रांगेंतून पुढें यावयाचें, हस्तांदोलन करावयाचें आणि निघून जावयाचें, इतकीच. राष्ट्राध्यक्षांपाशीं येणाराचे हात मोकळे असावेत असा रक्षकांचा शिरस्ता होता. परंतु त्या दिवशीं उकाडा फार, पुष्कळांच्या हातांत घाम पुसण्यासाठीं रुमाल होते, आणि म्हणून तिकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. रक्षकांची नजर खिळली होती ती रांगेंतील एका काळसर वर्णाच्या, मिशाळ माणसावर. तो माणूस शांतपणें हस्तांदोलन करून निघून गेला. त्याच्या मागून आला तो 28 वर्षांचा, साधा कारागीर वाटावा असा एक तरुण. त्याच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. हात दुखावला असेल अशा समजुतीनें मॅकिन्ली यांनीं त्याचा डावा हात धरण्यासाठीं आपला हात पुढें केला. रुमालाखालीं रिव्हॉल्व्हर होतें. दोन बार झाले. आठ दिवसांनीं राष्ट्राध्यक्ष मरण पावले. मारेकऱ्याचें नांव लिऑन चोल्गोश.

या प्रसंगांतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. चोल्गोशच्या पाठीमागें रांगेंत जेम्स पार्कर नांवाचा एक उंचापुरा निग्रो गृहस्थ उभा होता. बार ऐकतांच त्यानेंच मारेकऱ्यावर प्रथम झडप घातली. म्हणजे पहा, ज्याचा संशय आला तो निरुपद्रवी निघाला, ज्याचा आला नाहीं तो घातकी ठरला, आणि ज्याच्याकडे त्या काळीं तेथील समाज तुच्छतेनें पाहत असे तो मदतीला धांवला. अनोळखी माणसाची पारख करणें किती अवघड असतें, हें या तिघांनीं एकाच रांगेंत दाखवून दिलें.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. मनुष्य शस्त्र लपवून कां बाळगतो, तें बाळगल्यानें परक्या माणसाशीं त्याचा व्यवहार कसा बदलतो, आणि या गोष्टीचा बंदोबस्त कायद्यानें कसकसा करून पाहिला, याचा थोडा इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें.

लपविलेलें शस्त्र आपणांस नवीन नाहीं. काठीच्या पोटांत दडविलेल्या पात्याला आपण ‘गुप्ती’ म्हणतों. त्या शस्त्राचें नांवच मुळीं त्याच्या लपण्यावरून पडलें आहे. 1659 सालच्या नोव्हेंबरांत प्रतापगडाच्या पायथ्याशीं झालेली भेट तर मराठी मुलांस पाठ असते. अंगरख्याखालीं चिलखत, हातांत वाघनख, जवळ बिचवा, अशी शिवाजीमहाराजांची तयारी बखरकारांनीं वर्णिलेली आहे. आणि पहिला घाव खानानें केला असेंही बखर सांगते. परंतु ती दोन सेनानायकांची भेट होती. दोघेही एकमेकांस ओळखून होते आणि काय घडूं शकेल याची कल्पना दोघांनाही होती. आपला प्रश्न निराळा आहे. रस्त्यानें जाणाऱ्या साध्या नागरिकाच्या खिशांत पिस्तूल असलें आणि समोरून कोण येत आहे हें त्याला ठाऊक नसलें, म्हणजे काय होतें?

हा प्रश्न उत्पन्न होण्यास एका यंत्राचा शोध लागावा लागला. पूर्वींची तोड्याची बंदूक पेटत्या वातीवर चाले. पेटलेली वात कोणी अंगरख्यांत लपवूं शकत नाहीं. तिचा धूर आणि वास आधींच वर्दी देतात. सोळाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत चाकाच्या घर्षणानें ठिणगी पाडणारी कळ निघाली. आतां बार भरून, कळ चढवून, हत्यार झग्याखालीं तासन् तास ठेवतां येऊं लागलें. धोका ताबडतोब ओळखला गेला. 1517–18 च्या सुमारास सम्राट मॅक्सिमिलियन यानें असल्या हत्यारांस बंदी केली. इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या 1541 च्या कायद्यानें एक यार्डापेक्षां आंखूड बंदूक बाळगणें निषिद्ध ठरविलें, आणि 1579 सालीं एलिझाबेथ राणीनें लहान पिस्तुलांविरुद्ध जाहीरनामा काढला. या कायद्यांचा रोख आंखूडपणावर होता हें लक्षांत घेण्याजोगें आहे. लांब बंदूक दिसते, आंखूड दिसत नाहीं.

ती भीति 1584 सालीं खरी ठरली. हॉलंडचा लोकनायक विल्यम ऑफ ऑरेंज याच्या डेल्फ्ट येथील वाड्यांत बाल्थाझार जेरार्ड नांवाचा इसम निराश्रिताच्या मिषानें आला. त्याची दीन स्थिति पाहून त्याला कांहीं पैसे देण्यांत आले. त्याच पैशांतून त्यानें पिस्तुलें विकत घेतलीं, आणि 10 जुलै रोजीं भोजन आटोपून जिन्याकडे निघालेल्या विल्यमला त्यानें ठार केलें. परक्याला दिलेल्या दानाचेंच पिस्तूल झालें!

आतां आपण पुन्हा अमेरिकेंत जाऊं. कारण या प्रश्नाचा जेवढा खल त्या देशांत झाला तेवढा अन्यत्र झाला नाहीं. शस्त्र बाळगण्याचा हक्क तेथील राज्यघटनेंत 1791 पासून नमूद आहे. म्हणून बंदूक बाळगणें हा उघड्यावरच्या माणसाचा नित्याचा व्यवहार समजला जाई. पण लपवून बाळगणें? 1813 सालीं केंटकी राज्यानें खिशांतील पिस्तूल, कट्यार व काठींतील तलवार लपवून बाळगण्यास मनाई केली. त्याच वर्षीं लुइझियानानेंही तोच मार्ग धरला. केंटकींत ज्या माणसावर हा कायदा प्रथम गाजला त्याच्यापाशीं पिस्तूल नव्हतें. होती ती गुप्ती! त्याला 100 डॉलर दंड झाला. पण 1822 सालीं वरिष्ठ न्यायालयानें कायदाच घटनाबाह्य ठरविला. न्यायालयाचें म्हणणें असें कीं, हक्क म्हटला म्हणजे तो उघड काय आणि गुप्त काय, सारखाच. केंटकीच्या लोकांना हें रुचलें नाहीं. त्यांनीं पुढें राज्याची नवी घटना करतांना गुप्त शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार कायदेमंडळाला स्पष्ट शब्दांत देऊन टाकला.

याच्या उलट लुइझियानाच्या न्यायालयानें 1850 सालीं गुप्त शस्त्रांवरील बंदी उचलून धरली. त्या निकालांतील विचारसरणी त्या काळाचें मन दाखविते. ज्याला स्वतःचें रक्षण करावयाचें आहे त्यानें शस्त्र कमरेला उघडें लावावें. त्यांत मर्दपणा आहे. जो लपवितो तो बेसावध माणसाचा घात करूं पाहतो. उघडें शस्त्र समोरच्याला बजावून सांगतें कीं, जपून बोल. गुप्त शस्त्र कांहींच बोलत नाहीं आणि बोलतें तेव्हां फार उशीर झालेला असतो. 1865 सालीं एप्रिलच्या 14 तारखेस रात्रीं वॉशिंग्टनच्या नाटकगृहांत अब्राहम लिंकन यांच्या मस्तकामागें जें एकबारी पिस्तूल झाडलें गेलें, तें फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर याच्या कारखान्याचें, मुठींत मावेल असें होतें. अशा प्रसंगांनीं गुप्त शस्त्राविषयींचा तिटकारा वाढतच गेला.

चित्रपटांमुळें आपली अशी समजूत झाली आहे कीं, पश्चिमेकडील नव्या गांवांत जो तो कमरेला पिस्तूल लावून हिंडत असे. वस्तुस्थिति बरीच निराळी होती. ॲरिझोनांतील टूम्स्टोन या खाणीच्या गांवीं 1881 च्या एप्रिलांत नियम झाला होता कीं, गांवांत येणारानें आपलीं शस्त्रें ठेवून द्यावींत आणि जातांना परत न्यावींत. त्या वर्षीं 26 ऑक्टोबरला तेथें झालेली सुप्रसिद्ध चकमक अर्ध्या मिनिटांत संपली आणि तींत तिघे मेले. ती चकमक हा नियम मोडणारांचीं शस्त्रें काढून घेण्यावरूनच जुंपली होती. ज्या गांवांत रोज परके लोक येतात तेथें शांतता राखावयाची तर पाहुण्यांचीं हत्यारें प्रथम खुंटीला लावलीं पाहिजेत, हें त्या अर्धवट वसलेल्या गांवासही कळलें होतें.

मोठ्या शहरांत मात्र खुंटी कोणाच्या घरची? न्यूयॉर्कच्या रस्त्यांत माणूस दिवसाकांठीं हजारों चेहरे पाहतो आणि त्यांतला एकही ओळखीचा नसतो. 1910 सालीं ऑगस्टमध्यें त्या शहराचे नगराध्यक्ष विल्यम गेनर प्रवासाला निघून जहाजावर उभे असतां नोकरींतून काढलेल्या एका इसमानें त्यांच्या गळ्यावर गोळी झाडली. ते वांचले. पुढच्या जानेवारींत डेव्हिड ग्रॅहॅम फिलिप्स या कादंबरीकाराला भररस्त्यांत एका माणसानें गोळ्या घातल्या. आपल्या घराण्याची त्यानें कादंबरींत बदनामी केली, असा त्या माणसाचा भ्रम होता. फिलिप्स दुसऱ्या दिवशीं मरण पावला. त्याच वर्षीं टिमोथी सलिव्हन या पुढाऱ्याच्या खटपटीनें कायदा झाला आणि 1 सप्टेंबर 1911 पासून अंमलांत आला. अंगावर लपवितां येईल इतकें लहान पिस्तूल परवान्यावांचून जवळ ठेवणें हा गुन्हा, आणि तें घेऊन बाहेर हिंडणें हा त्याहून मोठा गुन्हा ठरला. पुढें 1913 सालीं परवाना मागणारानें ‘योग्य कारण’ दाखविलें पाहिजे अशी अट आली.

योग्य कारण कोणतें हें ठरविणार कोण? अधिकारी. येथें या कथेला एक कटु वळण लागतें. अशा प्रकारची मुखत्यारी पुष्कळ राज्यांत अधिकाऱ्यांच्या हातीं होती. 1956 सालीं अलाबामांतील माँटगोमेरी गांवीं एका तरुण निग्रो धर्मोपदेशकाच्या घरावर बाँब पडला. घरांत त्याची पत्नी आणि तान्हें मूल होतें. त्यानें शस्त्र जवळ बाळगण्याचा परवाना मागितला; तो नाकारण्यांत आला. ज्याच्या घरावर प्रत्यक्ष बाँब पडला त्याला जर योग्य कारण नाहीं, तर तें कोणाला असूं शकेल? त्या धर्मोपदेशकाचें नांव मार्टिन ल्यूथर किंग. परवान्याचा कायदा चांगला असूनही तो चालविणाराच्या मनांत ‘परका’ कोण हें आधींच ठरलेलें असेल, तर कायदा त्याच्याच बाजूला झुकतो. पुढें किंग यांनीं घरांतील शस्त्रेंही दूर केलीं. तें त्यांनीं कां केलें याकडे मी शेवटीं येईन.

आतां ज्या प्रसंगानें हा सारा वाद पुन्हा पेटविला तो सांगतों. 1984 सालच्या डिसेंबरची 22 तारीख. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे. डब्यांत बर्नहार्ड गेट्झ नांवाचा एक गोरा प्रवासी चढला. 1981 सालीं त्याच्यावर चोरट्यांनीं हल्ला केला होता. त्यानें परवाना मागितला होता व तो त्याला मिळाला नव्हता. तरीही कोटाखालीं तो पांचबारी रिव्हॉल्व्हर बाळगी. डब्यांत चार निग्रो तरुण होते. त्यांपैकीं एकानें जवळ येऊन पांच डॉलर मागितले. ही भीक होती, थट्टा होती कीं लुटीची सुरुवात होती? गेट्झनें लुटीची सुरुवात मानली, उभा राहिला आणि पांच बार काढले. चौघेही जखमी झाले; एकजण जन्माचा पंगू झाला. चौघांपैकीं दोघांपाशीं स्क्रूड्रायव्हर सांपडले, पण तीं कोणीं उगारलीं नव्हतीं.

सारें शहर दुभंगलें. गुन्हेगारीनें गांजलेल्या पुष्कळांना तो शूर वाटला. पुष्कळांना वाटलें कीं, समोरच्या मुलांची कातडी काळी नसती तर पिस्तूल कोटाखालींच राहिलें असतें. 1986 सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें एक महत्त्वाचा दंडक सांगितला. आरोपीला मनापासून भीति वाटली एवढ्यानें भागत नाहीं. त्या परिस्थितींत विवेकी मनुष्यालाही तशी भीति वाटली असती काय, हें पाहिलें पाहिजे. दुसऱ्या वर्षीं ज्यूरीनें त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपांतून मुक्त केलें आणि बिनपरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरविलें. 1996 सालीं दुसऱ्या ज्यूरीनें दिवाणी दाव्यांत त्या पंगू झालेल्या तरुणाला चार कोटी तीस लक्ष डॉलर भरपाई देवविली. त्या डब्यांतल्या कांहीं सेकंदांचा अर्थ लावण्यास दोन न्यायसभांना बारा वर्षें लागलीं, आणि त्यांचेंही एकमत झालें नाहीं.

तीं सेकंदें इतकीं थोडीं कां असतात, याचेंही एक गणित आहे. 1983 सालीं सॉल्ट लेक शहरांतील डेनिस ट्युलर या पोलीस अधिकाऱ्यानें प्रयोग करून दाखविलें कीं, सुरा घेतलेला मनुष्य 21 फूट अंतर सुमारें दीड सेकंदांत ओलांडतो. आणि तरबेज माणसासही पिस्तूल काढून बार करण्यास जवळजवळ तेवढाच अवधि लागतो. म्हणून शस्त्र बाळगणारास अंतराची फार काळजी लागते. किती वाजले म्हणून विचारणारा, विडी पेटविण्यास कांडी मागणारा, वाट चुकलेला, हे सारे त्याच्या दृष्टीनें 21 फुटांच्या आंत येणारे परके होतात. माझ्या मतें खिशांतील पिस्तुलाची खरी किंमत ती हीच. तें झाडलें न गेलें तरी धन्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवितें, आणि त्या चष्म्यांतून रस्ता निराळा दिसूं लागतो.

यावर त्या विद्येचे चांगले शिक्षक काय शिकवितात तें ऐकण्याजोगें आहे. ते सांगतात कीं, ज्याच्या खिशांत शस्त्र आहे त्यानें सर्वांआधीं माघार घ्यावी. शिवी ऐकून घ्यावी, रस्ता ओलांडून पलीकडे जावें, अंतर राखून सौम्य शब्दांत ‘माफ करा, मला जमणार नाहीं’ असें म्हणावें. निःशस्त्र माणसाचें भांडण फार तर गुद्द्यांवर येतें. सशस्त्राचें भांडण फाशीच्या तख्तापर्यंत जाऊं शकतें. हा उपदेश मला शहाणपणाचा वाटतो. परंतु मनांत एक शंका येते. माघार घेण्याची इतकी सिद्धि ज्याला लाभली, त्याला बहुतेक प्रसंगीं पिस्तुलाची गरजच कां उरावी?

असो. गेट्झच्या खटल्याच्याच वर्षीं, म्हणजे 1987 सालीं, फ्लॉरिडा राज्यानें कायदा केला कीं, ठराविक अटी पुऱ्या करणारास गुप्त शस्त्राचा परवाना दिलाच पाहिजे. अधिकाऱ्याची मर्जी चालणार नाहीं. कांहीं राज्यांत असे कायदे पूर्वींही होते, पण फ्लॉरिडाचें उदाहरण पाहून राज्यामागून राज्य त्या वाटेनें गेलें. 2024 पर्यंत 29 राज्यांनीं तर परवान्याची अटही काढून टाकली होती. यांत गंमत अशी कीं, एकोणिसाव्या शतकाचा न्याय पुरा उलटा झाला. पूर्वीं उघडें शस्त्र मर्दपणाचें आणि गुप्त शस्त्र भेकडाचें; आतां उघडें शस्त्र लोकांना भिवविणारें आणि गुप्त शस्त्र सभ्यपणाचें! गांव ओळखीचें होतें तोंवर शस्त्र दाखविणें ही सूचना होती. शहर अनोळखी झालें तेव्हां तीच धमकी ठरली.

याचा परिणाम काय झाला? कांहीं विद्वानांनीं म्हटलें कीं गुन्हे घटले. 2004 सालीं राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनें सारा पुरावा तपासून सांगितलें कीं, कोणताही निष्कर्ष काढण्यास तो अपुरा आहे. 2019 सालीं प्रसिद्ध झालेल्या जॉन डोनोह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत, असे कायदे करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे 13 ते 15 टक्क्यांनीं अधिक आढळले. वाद संपलेला नाहीं. पण शस्त्रें वाढलीं म्हणजे निर्भयता वाढते, असें सिद्ध झालें आहे म्हणणें धाडसाचें होईल.

शेवटीं 23 जून 2022 रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं न्यूयॉर्कची ती 1913 पासूनची ‘योग्य कारणा’ची अट रद्द केली. राज्यानें आठवड्याभरांतच नवा कायदा केला. त्यांत परवाना मागणारानें 16 तास वर्गांत आणि 2 तास प्रत्यक्ष नेमबाजींत शिक्षण घ्यावें असें ठरलें. आणि त्या 16 तासांच्या विषयांत भांडण कसें निववावें हाही एक विषय आहे. म्हणजे शंभरावर वर्षांच्या खटाटोपानंतर कायदा येऊन पोंचला तो येथें: हातांत पिस्तूल देण्यापूर्वीं माणसाला परक्याशीं बोलावयास शिकवा.

आपल्याकडील इतिहास निराळा आहे. 1878 च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतलें आणि युरोपियनांस त्यांतून मोकळें ठेवलें. त्या पक्षपाताची चीड आपल्या आजोबा-पणजोबांस होती व ती रास्त होती. स्वतंत्र भारतानें 1959 सालीं नवा कायदा केला. परवान्याचें तत्त्व त्यानेंही ठेवलें.

परंतु खिशांतल्या पिस्तुलाचा विचार करतांना आपणां मराठी माणसांस एक तारीख टाळतां येत नाहीं. 20 जानेवारी 1948 रोजीं दिल्लींत गांधीजींच्या प्रार्थनास्थानीं बाँब उडाला. प्रार्थनेला येणारांची झडती घ्यावी अशी पोलिसांची सूचना होती. गांधीजींनीं ती नाकारली. जो प्रार्थनेला येतो त्याचे खिसे चांचपणें त्यांना मान्य नव्हतें. दहा दिवसांनीं, 30 जानेवारीच्या सायंकाळीं, पुण्याहून गेलेला एक मनुष्य गर्दींतून पुढें आला, त्यानें हात जोडले, आणि मग खिशांतलें पिस्तूल काढून तीन बार केले. बफेलोंत हस्तांदोलन, दिल्लींत नमस्कार. परक्यावर विश्वास दाखविण्याच्या ज्या दोन खुणा जगानें निर्माण केल्या त्या दोन्ही पिस्तुलानें विटाळल्या.

मग गांधीजींचें चुकलें काय? रक्षकाच्या हिशेबानें चुकलें, यांत संशय नाहीं. आणि तरीही आठ वर्षांनीं, योगायोगानें त्याच 30 जानेवारीला, ज्याच्या घरावर बाँब पडला आणि ज्याला परवाना नाकारला गेला, त्या किंग यांनीं घरांतलीं शस्त्रें दूर केलीं तीं याच गांधींच्या शिकवणीचें मनन करून. त्यांनाही पुढें गोळीनेंच मरण आलें. म्हणून अहिंसा सुरक्षित आहे असें मी म्हणणार नाहीं; इतिहास तशी ग्वाही देत नाहीं. तो एवढेंच दाखवितो कीं, पिस्तूलही सुरक्षित नाहीं, आणि त्यामुळें माणसाचें पाहणें बदलतें.

आज आपल्या पुष्कळ घरांतील मुलेंमुली त्या देशांत राहतात. तेथील रस्त्यांवर तींच परकीं असतात. कोणाच्या तरी 21 फुटांच्या आंत वाट विचारायला जाणारीं. त्यांच्यासाठीं आपण इच्छावें तें हेंच कीं, समोरच्याच्या खिशांत कांहीं असो वा नसो, त्याची नजर रुमालापाशीं आणि कातडीपाशीं न थांबतां थोडी पलीकडे पोंचावी. आणि आपल्या दाराशीं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे पाहतांना हीच इच्छा आपणही आपल्यापुरती पाळावी.